तुमच्या गल्लीतलं पाणी

दामले काका, तुम्ही गेलात आणि आपलं भांडण अर्धंच राहिलं. हे काही बरोबर केलं नाहीत तुम्ही. मिटवून तरी जायचं, नाहीतर जिंकून तरी जायचं. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडत बसलेय. गाडी चालवताना, भाजी चिरताना, रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना सुद्धा. परवा आईने विचारलं, "ओठ काय हलवतेस गं?" म्हटलं, काकांशी बोलतेय. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला वाटलं, पोरीला किती दुःख झालंय. दुःख आहेच हो, पण त्या वेळी मी तुम्हाला झापत होते.

उद्या मीटिंग आहे. फरीदाबादच्या तुमच्या सेक्टरमधल्या कोणत्या गल्ल्यांत पावसाच्या पाण्याचे नवे पाइप टाकायचे, ते उद्या पक्कं होणार. तुमची गल्ली त्यात नाही. का नाही, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? मागच्या मीटिंगमध्ये तुम्हीच उभे राहून म्हणालात, "मैं वहीं रहता हूँ जी. मेरी गली में पानी ज़ीरो." महापालिकेच्या साहेबांनी मान डोलावली आणि गल्ली नकाशातून पुसली गेली. आता मला कळलंय की ते खरं नव्हतं. उद्या मी तोंड उघडलं, तर गेलेल्या माणसाला चार लोकांत खोटं पाडणार. नाही उघडलं, तर गल्ली तशीच राहणार, आणि त्या गल्लीत तळमजल्यावर आता काकू एकट्या राहतात. काय करू मी? सांगा ना. एरवी न विचारता सांगायचात.

एका जागी बसवत नाहीये म्हणून हे लिहायला घेतलं. मराठीत लिहितेय, तर चुका काढू नका. दिल्लीत वाढलेल्या मुलीचं मराठी आहे हे, तुम्हीच म्हणायचात, अर्धं मराठी आणि अर्धं करोल बाग. मी "पाणी सोक होतं" म्हटलं की तुम्ही लगेच, "मुरतं म्हण गं, मुरतं. केवढा चांगला शब्द आहे." घ्या, लिहिला.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तुम्ही आमच्या वरच्या मजल्यावर. आख्ख्या ब्लॉकमध्ये मराठी घरं दोनच, नगरचे आम्ही ख्रिस्ती आणि साताऱ्याचे तुम्ही. नाताळच्या करंज्या लाटायला काकू आमच्याकडे यायच्या आणि गणपतीच्या मोदकांना आई वर जायची. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी धो धो पाऊस झाला आणि ब्लॉकच्या मागे तळं साचलं. सगळे गॅलरीत उभे राहून सरकारला शिव्या देत होते. तुम्ही स्वतः सरकारी इंजिनियर, तरी जोरात देत होतात. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरलात, हातात चुरमुऱ्यांची पिशवी. मूठ मूठ चुरमुरे पाण्यावर टाकायचे आणि ते कुठल्या दिशेला सरकतात ते बघत उभं राहायचं. चुरमुरे तरंगतात, पाणी जरा हललं तरी दाखवतात, आणि उरलेले चिमण्या खातात. समोरच्या आंटींनी वरून हात जोडून विचारलं, "भाईसाहब, ये कौन-सी पूजा है?" तुम्ही चेहरा अजिबात न हलवता म्हणालात, "नाली माता की." आणि आमच्या डोक्यावरून काकूंचा आवाज आला, "अहो! ते भडंगासाठी आणलेत!"

चुरमुरे सगळे जाऊन एका कोपऱ्यात गोळा झाले. तिथे कोणीतरी स्कूटर चढवायला सिमेंटचा उतार बांधला होता. तेवढ्या एका उताराने अख्ख्या ब्लॉकचं पाणी अडवलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही माणूस बोलावून तो फोडून घेतला आणि ज्याचा उतार होता त्याने तुमच्याशी वर्षभर अबोला धरला. लोकांना मी सांगते की त्या दिवशीच मी ठरवलं, मोठं झाल्यावर हेच करायचं. खोटं आहे ते. त्या दिवशी मला फक्त भडंग गेल्याचं वाईट वाटलं होतं.

पण शेवटी केलं तेच. तुम्ही रिटायर होऊन फरीदाबादला घर घेतलंत आणि तिथल्याच एका छोट्या कन्सल्टन्सीत रुजू झालात, आणि मला पण ओढलंत. मी कॉम्प्युटरवर, तुम्ही रस्त्यावर. आई अजून विचारते की तुमचं नक्की काम काय. काय सांगणार? पाऊस पडायच्या आधीच आम्ही सांगतो की तो पडल्यावर कुठे जाईल. गल्ली कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, तिचे उतार, तिच्या गच्च्या, रस्ता, नाल्या, आणि मग तिच्यावर पाऊस पाडून बघायचा. किती मुरला, किती वाहिला, कुठे तुंबला. नदीचं गणित करणारे लोक वेगळे, नदी वेळ देते. आपल्या गल्लीत चहा उकळेपर्यंत पाणी दारात येतं. आणि इथे मुरायला जागा कुठे ठेवलीय कोणी? गाड्या लावायच्या म्हणून सगळ्यांनी अंगणात टाइल्स ठोकल्यात. अशा ठिकाणी एखादं गेट, एखादी बुटकी भिंत, एखादा उतार आपला सगळा हिशोब उलटा करतो. मोठ्या कंपन्या हे बघतच नाहीत. तुम्ही बघायचात, आणि मला बघायला लावायचात. चांगली चप्पल घालून ऑफिसला आले की हमखास म्हणणार, "चल सुवर्णा, जरा नाल्यावर जाऊन येऊ."

कॉम्प्युटरमधलं हे मॉडेल खरं बोलतंय की नाही हे ताडून बघायला लोकांना विचारावं लागतं, मागच्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं. आणि लोक काय सांगतात? तुमचंच वाक्य, "ज्याला घर विकायचंय त्याच्याकडे पाणी कधीच येत नाही, आणि ज्याला नुकसानभरपाई हवीय त्याच्याकडे कंबरेच्या खाली कधी येत नाही." म्हणून तुम्ही पाण्याचं नावच काढायचा नाहीत. गेटवर उभं राहून गप्पा. "आंटी जी, बारिश में स्कूटर कहाँ खड़ी करते हो?" "फ्रिज नया लिया क्या?" "ये सोफ़े के नीचे ईंट क्यों?" बोलता बोलता पाणी बरोबर बाहेर यायचं. मी एकदा थेट विचारलं होतं, तर त्या बाईंनी माझ्यासमोर दार लावलं. तुम्ही घरी येईपर्यंत हसत होतात. मला हे कुठल्या कॉलेजने शिकवलं नव्हतं, काका. तुम्ही शिकवलंत, आणि मी तुम्हाला एकदाही तोंडावर थँक्यू म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही वर्षभर चिडवलं असतं.

मग हा तुमचा सेक्टर आला. तुम्ही किती खूश होतात! "आता माझ्या घरचा पाऊस," म्हणालात. सगळीकडे रस्ते किती उंचीवर आहेत ते मोजून नव्या लेव्हल घेतल्या. तुमच्या गल्लीत सर्व्हेवाले आले, तर तुम्ही त्यांना काकूंच्या हातचे पोहे खायला घालून परत पाठवलंत. "शेजाऱ्यांशी मी बोलतो, आणि इथल्या लेव्हल आहेत माझ्याकडे." होत्या. घर घेतलंत तेव्हा तुम्ही स्वतः काढलेल्या. त्या घातल्या की तुमची गल्ली ठणठणीत कोरडी. पण आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्या ओल्या आणि मधली एकच कोरडी, हे मला पटेना. म्हणून मी शेजारच्या गल्लीच्या नव्या लेव्हल तुमच्याकडे लावून बघितल्या. पाणी तुमच्या गेटमधून आत आलं आणि बाहेरच्या खोलीत वीतभर चढलं.

मी हसतच तुम्हाला बोलावलं होतं, आठवतंय? "या काका, तुमचा दिवाण तरंगतोय."

तुम्ही हसला नाहीत. चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलंत आणि म्हणालात, "तुझं मॉडेल माझ्या घरात पाणी घालतंय."

"घालत नाहीये. येतंय."

"मी तिथे राहतो, सुवर्णा. थेंब येत नाही."

"मग लेव्हल परत घेऊ. एका सकाळचं काम आहे."

"काही गरज नाही."

"काका, रस्ता दर वेळी जुना न खरवडता वरून नवा थर देतात. तुमची लेव्हल जुनी आहे. घर तिथेच राहिलं आणि रस्ता वर चढला, एवढंच म्हणतेय मी."

"मी म्हटलं ना, गरज नाही!"

तुमचा आवाज तसा चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. प्यूनने चहाचा ट्रे दारातूनच परत नेला.

आणि मग ती मीटिंग. मी नकाशावर गल्ली निळी करून नेली होती आणि खाली लिहिलं होतं, पुन्हा तपासावी. तुम्ही उभे राहिलात, आणि ज़ीरो. तुमच्या शब्दाला तिथे केवढा मान! साहेब म्हणाले, "दामले जी कह रहे हैं तो बात ख़त्म." परत येताना गाडीत आपण दोघंच. हायवेवर ट्रॅफिक अडकलेला आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलेले.

"तुला वाटतं मी खोटं बोलतो?"

"मला वाटतं तुमच्या लेव्हल जुन्या आहेत."

"मीही जुना आहे."

"यार काका, हे काय उत्तर झालं?"

तुम्ही घरापाशी उतरलात, दार जरा जोरातच लावलंत. त्यानंतर ऑफिसात माझ्याशी प्यूनमार्फत बोलायचात, "मैडम से पूछो फ़ाइल कहाँ है," मी समोरच्या टेबलावर असताना! मला हसू पण येत होतं आणि डोकं पण फिरत होतं. म्हटलं, बिल्कुल नाही बोलायचं आपण होऊन, बघू किती दिवस रुसतात. त्याच रविवारी सकाळी काकूंचा फोन आला. चहा पिता पिता मान एका बाजूला कलली म्हणे. हार्ट. मी पोचले तेव्हा कप तसाच होता.

सांगा, असं करतात का कोणी?

दिवसकार्य झालं. तुमचा अभिजित बेंगळुरूला परत गेला. "आई, चल माझ्याबरोबर," म्हणून त्याने खूप गळ घातली, पण काकू नाही म्हणाल्या. मी ऑफिस सुटलं की तुमच्या घरी जाते. काकू जेवायला वाढतात, मी जेवते, दोघी टीव्ही लावतो आणि बघत नाही. मागच्या आठवड्यात त्यांना तुमची चांगली शाल सापडेना, कोणालातरी द्यायची होती. दिवाणात असेल म्हणाल्या. दिवाण भिंतीला टेकलेला, झाकण उघडेना, म्हणून मी तो पुढे ओढला.

खाली विटा होत्या. चारी पायांखाली, वरून चादर अशी सोडलेली की दिसू नयेत. आणि मागच्या बाजूला प्लायवूड फुगून पापुद्रे सुटलेलं, अगदी सरळ रेघेत. रेघेच्या वर लाकूड धड, खाली भुस्सा. मी वाकून बोट लावलं. माझ्या मॉडेलने सांगितलं होतं त्याच्यापेक्षा जरा जास्तच होतं.

त्या क्षणी मला काय आठवलं असेल? तुमची स्कूटर. करोल बागेतून पार्ट आणून आणून जिवंत ठेवलेली ती जुनी स्कूटर तुम्ही दर पावसाळ्यात ऑफिसच्या शेडमध्ये लावून ठेवायचात आणि मेट्रोने यायचात. "ओल्यात स्लिप होते गं." मी अख्ख्या सेक्टरला विचारत फिरले की पावसात स्कूटर कुठे लावता. तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर लावत होतात आणि मला विचारायचं सुचलं नाही.

मान वर केली तर काकू दारात उभ्या.

"बघितलंस ना?" म्हणाल्या. "बस खाली. चहा टाकते."

काका, मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. आषाढ लागला की त्या साताऱ्याला भावाकडे जायच्या आणि गौरी-गणपती करूनच परत यायच्या. पावसाळा म्हणजे आपला सीझन, तुम्ही इथे. त्यांना कुठून कळणार, असं तुम्हालाही वाटलं असणार. अहो कसलं काय!

"मी परत यायचे तेव्हा घर फिनाईलने घमघमत असायचं," काकू म्हणाल्या. "जन्मात स्वतःचा कप विसळला नाही ह्या माणसाने, आणि फरशी बघावी तर चकचकीत. माझ्या खालच्या कप्प्यातल्या साड्या वरच्या कप्प्यात, चुकीच्या घड्या घातलेल्या. मी आंधळी आहे का?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

मग त्यांनी सांगितलं. रिटायर झालात तेव्हा त्यांना साताऱ्याला जायचं होतं. तुम्हाला दिल्ली सोडवेना. दोन्हीकडून महिनाभर धुसफूस चालली. शेवटी तुम्ही हे घर दाखवायला आणलंत, पुढे हातभर माती, तिथे अळू लावता येईल म्हणून लालूच दाखवलीत. काकू म्हणाल्या, तळमजला नको, पाणी येईल. तुम्ही म्हणालात, "अगं, हाच माझा धंदा. मी लेव्हल काढून घेतोय. ज्या दिवशी ह्या घरात पाणी येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण साताऱ्याला."

"मी आले की गेटवरूनच सुरू व्हायचे," काकू सांगत होत्या, "'बघ, थेंब नाही आला यंदा!' इतके खूश असायचे गं. पाठ धरलेली असायची, वाकता यायचं नाही, आणि तोंडाने, थेंब नाही आला. काय बोलू मी? एकदा वाटलं होतं, म्हणावं, चला, बांधा सामान. पण म्हटलं, साताऱ्याला नेऊन करू काय ह्यांना? तिथे हे कोणाच्या नाल्यात डोकावणार?"

आणि त्या हसल्या. मग पदर तोंडाला लावला. मग मी पण.

काका, मला तुमचा भयंकर राग आलाय. मॉडेल खोटं, सुवर्णा खोटी, आणि तुम्ही घरी एकटे बादल्या उपसताय! मला एक फोन करायला काय झालं होतं? मी आले असते. मी कोणाला सांगितलं नसतं. आणि तुम्ही चुकला नव्हतात हो, हे कळतंय का तुम्हाला? घर घेतलंत तेव्हा ते रस्त्यापेक्षा उंचच होतं. तुमच्या लेव्हल शंभर टक्के बरोबर होत्या. रस्ता वर आला, तुम्ही खाली गेला नाहीत. ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या घराची असती तर तुम्ही पाच मिनिटांत समजावून सांगितली असती, बोटाने टेबलावर रेघा ओढून.

मी बरोबर होते. इतके दिवस मला तेच हवं होतं ना? घ्या. बरोबर निघाले, आणि कोणाला सांगू?

उद्या गप्प बसावं असं दर थोड्या वेळाने वाटतं. कोणी विचारणार नाही. तुमचं नाव तिथे अजून आदराने घेतात, साहेब स्वतः येऊन गेले होते. आणि लगेच दिवाणाचे ते पापुद्रे दिसतात. तुम्हाला बादल्या उचलायची ताकद तरी होती. काकूंचे गुडघे असे की त्या खाली बसल्या तर त्यांना उठवायला माणूस लागतं. शेजारच्या घरात नवं बाळ आहे. पलीकडे ते सरदारजी, ज्यांना ऑक्सिजन लावलेला असतो. काकूंना विचारायला हवं. पण कसं विचारू? "काकू, तुमच्या नवऱ्याला खोटं पाडू का?" असं?

*

कालपर्यंत एवढं लिहून सोडलं होतं. आज मीटिंग झाली.

सकाळी निघण्याआधी मी काकूंना फोन केला. तुम्ही शिकवलंत तसं आडून आडून सुरू केलं, चहा झाला का, दूधवाला आला का. त्यांनी मधेच तोडलं. "सुवर्णा, ह्यांचे खेळ माझ्याशी खेळू नकोस. काय ते बोल."

मी सगळं बोलले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सांग जाऊन."

"पण काकू, लोक म्हणतील की..."

"म्हणू देत. पण मला एक सांग, तू तिथे कसं सांगणार? 'एका रहिवाशाची माहिती चुकीची निघाली', असं गुळमुळीत?"

मी खरंच तसंच लिहून ठेवलं होतं.

"तसं नको. नाव घेऊन सांग. ते कोणी ऐरेगैरे नव्हते. दामल्यांनी सांगितलं होतं आणि ते चुकीचं होतं, असं सांग. आणि घर घेतलं तेव्हा ते उंचावर होतं हेही सांग. ते विसरलीस तर घरी येऊ नकोस."

मीटिंगमध्ये मी फाइल उघडलीच नाही. तुमच्या गल्लीचा विषय संपलाय असं समजून साहेब पुढे चालले होते. मी म्हटलं, "सर, एक मिनट. ये गली वापस लेनी पड़ेगी. यहाँ हर साल घरों में पानी जाता है."

"मैडम, दामले जी ने तो खुद कहा था..."

"जी. दामले जी ने ग़लत कहा था."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता मी इथे सगळ्यांसमोर रडणार. पण मग काय झालं माहीत नाही, मी तुमच्यासारखी उठून उभी राहिले आणि टेबलावर बोटाने रेघा ओढायला लागले. हे घर, हा रस्ता, हा पहिला थर, हा दुसरा. घर घेतलं तेव्हा ते इतकं वर होतं, सर, त्यांच्या लेव्हल बिल्कुल बरोबर होत्या. रस्ता वर आला. त्यांनी ते मान्य केलं नाही, कारण ते त्यांचं घर होतं. आपल्या घरात पाणी येतं, हे कोण सहज मान्य करतं?

बोलून झाल्यावर मी थांबले. सवय हो. मी काही ठासून बोलले की तुम्ही लगेच काहीतरी काढणार, म्हणून मी नेहमी थोडी जागा ठेवते. आज त्या जागेत कोणी बोललं नाही. मग साहेबांनी हळूच म्हटलं, "ठीक है. सर्वे दोबारा करवा लीजिए, गली डाल दीजिए," आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

सर्व्हे माझ्या ओळखीच्या टीमकडूनच करून घेईन. पोह्यांवर परत जाणार नाहीत ते आता.

बाहेर येऊन पार्किंगमध्येच काकूंना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "नाव घेतलंस?"

"घेतलं."

"उंचावर होतं ते?"

"ते दोनदा सांगितलं."

"बरं झालं." मागे कुकरची शिट्टी झाली, गॅस बारीक करून त्या परत आल्या. "ते पाइप कधी पडतील?"

मी खरं ते सांगितलं. "ह्या पावसाआधी नाही, काकू. टेंडर निघेल, मग काम. हा पावसाळा तसाच जाईल. तुम्ही आषाढात साताऱ्याला जाल ना, तोवर मी इथे येऊन सगळं सामान उंचावर चढवून ठेवते."

"मी नाही जात यंदा."

"अहो काकू, पाणी येईल!"

"येऊ दे ना," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मला साताऱ्याला पाठवून एकटे उपसत बसायचे. किती यायचं ते एकदा मला बघू दे."